सुरवंटाचे केस अंगाला लागले तर काय करायचं, आणि लागू नयेत म्हणून काय बघायचं

पाऊस सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. अंगावर चट्टे उठलेत, खाजवून खाजवून जीव गेला, पण चावलेलं काहीच दिसत नाही. मी पहिला प्रश्न हाच विचारते की कपडे कुठे वाळत घातले होते. कारण आमच्या घरात हे असंच झालं होतं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा, रात्री मानेपाशी आग आग होतेय म्हणून रडत उठला, आम्ही पावडर लावली, ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि त्यामुळे ते आणखी पसरलं, छातीपर्यंत लाल गांधी आल्या. सकाळी मी त्याचा बनियन खिडकीत उजेडात आडवा धरला तर गळ्याच्या शिवणीत बारीक सोनेरी कुसं चमकत होती, डोळ्यांना जेमतेम दिसतील इतकी. गॅलरीवर देशी बदामाची फांदी आलेली आणि कपड्यांच्या दोरीच्या वरच्याच लोखंडी पट्टीला खालून एक मळकट, केसाळ कोष चिकटलेला. अळी आम्ही कुणी पाहिलीच नव्हती!

म्हणून हे लिहितेय. ज्यांनी नुकतं गॅलरीत चार झाडं लावलीत, जे शहरातून गावाकडच्या घरी राहायला गेलेत, ज्यांची लहान मुलं झाडाखाली खेळतात, त्यांच्यासाठी. त्रासाचा मोठा वाटा अळीमुळे होतो असं नाही, लागल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत आपण जे चोळतो त्यामुळे होतो.

आधी ओळखायला शिका

सुरवंट म्हणजे केसाळ अळी, आणि शाळेत आपण शिकलो की सुरवंटाचं फुलपाखरू होतं. खरं सांगायचं तर जे भरपूर केसाळ सुरवंट आपल्याला दिसतात त्यातल्या बहुतेकांचे पतंग होतात, मॉथ. त्यातला एक मोठा गट म्हणजे टसॉक मॉथ. टसॉक म्हणजे गवताचा झुबका, आणि या अळ्यांच्या पाठीवर तसेच केसांचे झुबके असतात म्हणून हे नाव. जगभरात यांच्या अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि आपल्याकडे बागेत, शेतात, रस्त्याकडेच्या झाडांवर बऱ्याच सापडतात.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे टूथब्रश. पाठीच्या पुढच्या भागावर एकामागे एक चार ब्रश लावल्यासारखे आखूड, दाट, वरून सारखे कापल्यासारखे झुबके असतात, बऱ्याचदा पिवळट किंवा पांढरट. डोक्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेली काळ्या लांब केसांची दोन टोकं, मिशा असाव्यात तशी, आणि शेपटीकडे आणखी एक. डोकं बऱ्याच वेळा लालभडक. आणि ही खूण मला सगळ्यात आवडते, शेपटीच्या थोडं आधी पाठीवर मधोमध दोन छोटे लाल किंवा केशरी ठिपके असतात, ते ठिपके म्हणजे ग्रंथी आहेत, अळी त्या आत-बाहेर करू शकते. भिंग असेल तर लांबूनच बघा, मजा वाटते. हे ठिपके दिसले की टसॉक मॉथची अळी हे जवळजवळ पक्कं.

पण सगळ्यांना असे ब्रश नसतात. याच गटातला एक प्रकार, युप्रोक्टिस नावाचा, दिसायला साधा असतो आणि त्रास मात्र जास्त देतो. एरंडावर, गुलाबावर, डाळिंबावर लालसर तपकिरी अंगाची, लाल डोक्याची, कडेने पांढुरके केस असलेली अळी दिसली तर ती हीच असण्याची शक्यता बरीच. त्याच्याच जवळची दुसरी एक अळी आहे, काळपट अंग, पाठीवर पिवळा पट्टा आणि पट्ट्याच्या मधून बारीक लाल रेघ. ही दिसायला इतकी छान असते की मुलं हमखास हात लावायला जातात.

यांचे लांब केस जे आपल्याला दिसतात ते बऱ्याचदा नुसते दिखाऊ असतात. खरा त्रास देणारे केस वेगळेच, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे, काटेरी, टोकदार, आणि अळी मोठी झाली की लाखोंच्या संख्येने. ते सहज गळतात, वाऱ्यावर उडतात, गवताचं कुसळ पायमोज्यात जसं आतआत शिरतं तसे कातडीत शिरतात आणि तिथे मोडतात. त्यांच्यात प्रथिनं असतात, त्यांनी कातडीत दाह होतो. म्हणजे अळी चावत नाही, नांगी मारत नाही, तिचे केस आपण स्वतःच अंगात रुतवून घेतो.

आणखी चार अळ्या ज्यांची गल्लत होते त्या सांगून टाकते. शेवग्याच्या खोडावर दिवसा गठ्ठ्याने बसलेल्या केसाळ अळ्या, ज्या रात्री वर चढून पाला खातात, त्या टसॉक नाहीत, वेगळ्या घराण्यातल्या आहेत, पण खाज तशीच. दुसरी घोणस अळी. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उसावरच्या या अळीचे व्हिडिओ फोनवर इतके फिरले की लोक शेतात जायला घाबरायला लागले, चावली की माणूस मरतो म्हणून. नाव सापाचं असल्यामुळे भीती जास्त वाढली असं मला वाटतं. ती हिरवी, चपटी, काट्यांच्या रांगा असलेली असते, काटा लागला की लगेच विजेचा झटका बसल्यासारखी आग होते कारण तिच्या काट्यात विष असतं, पण त्याने माणूस मरत नाही, ते तेव्हाही कृषी तज्ज्ञांनी सांगितलं होतं. उरलेल्या दोघी बिचाऱ्या निरुपद्रवी आहेत. एरंडाच्या पानावर काटेरी दिसणारी एक अळी असते, तिचं कॉमन कॅस्टर नावाचं तपकिरी फुलपाखरू होतं, आणि आंब्याच्या पानावर पिसासारखे हिरवे फाटे असलेली बॅरन फुलपाखराची अळी असते. या दोघी काही करत नाहीत, त्यांना उगाच मारू नका.

नवीन असाल तर नियम एकच ठेवा: केस किंवा काटे दिसले की उघड्या हाताने शिवायचं नाही, मग नाव काहीही असो.

कुठे बघायचं

आपल्याकडे जून ते ऑक्टोबर जास्त. झाडं म्हणाल तर एरंड, गुलाब, जास्वंद, आंबा, देशी बदाम, शेवगा, डाळिंब. वड, पिंपळ, उंबरावरही यांची एक जात असते. पान वरून चाळणीसारखं खाल्लेलं दिसलं, नुसती जाळी उरलेली, तर पान उलटं करून बघा, हाताने नाही, काडीने. लहान अळ्या गठ्ठ्याने पानाखाली बसतात. त्या रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर लोंबकळत दुसऱ्या झाडावर जातात, म्हणून झाडाखाली उभं असताना मानेवर काहीतरी सुळसुळलं तर झटकन हात मारू नका. हाताने चिरडलं की सगळे केस मानेवरच. काडीने किंवा कागदाने उचलून बाजूला करा, नाहीतर जोराची फुंकर मारा.

अळीपेक्षा जास्त लक्ष कोषाकडे द्या हे मी सगळ्यांना सांगते. कोष विणताना अळी स्वतःचेच केस त्यात गुंफते. हे कोष गॅलरीच्या पट्टीखाली, कुंडीच्या कडेखाली, पाण्याच्या मीटरच्या डब्यात, चपलांच्या रॅकमागे, कपड्यांच्या दोरीच्या गाठीवर असतात. युप्रोक्टिसची मादी पतंग तर शेपटीच्या टोकाला केसांचा पुंजका घेऊन फिरते आणि अंडी घातली की ते केस वरून चिकटवते, पानाखाली पिवळट-तपकिरी नमद्याचा तुकडा चिकटवल्यासारखं दिसतं. त्यालाही हात लावायचा नाही. रात्री दिव्यावर आलेला लहान पिवळा किंवा पांढरा, शेपटीकडे जाडसर लव असलेला पतंग तळहाताने भिंतीवर चिरडायचा नाही, दिवा बंद करा, जाईल.

लागलं तर, क्रमाने

सगळ्यात आधी हात लांब. चोळायचं नाही, खाजवायचं नाही, रुमालाने पुसायचं नाही, टॉवेल घासायचा नाही. मूल असेल तर त्याचे दोन्ही हात धरून ठेवा, गोष्ट सांगा, काहीही करा पण हात पोचू देऊ नका, कारण तोच हात पुढे डोळ्याला जातो.

कपडे काढा पण डोक्यावरून ओढून नाही. बटणाचा शर्ट असेल तर सरळ उघडून मागे सोडा. टी-शर्ट असेल आणि केस गळ्यापाशी लागलेत असं वाटत असेल तर मी सरळ कात्री लावते, एक टी-शर्ट गेला तर गेला, तोंडावरून आणि डोळ्यांवरून ते केस ओढत नेण्यापेक्षा बरं.

मग चिकटपट्टी. घरात सेलोटेप असतो, पार्सलवाला रुंद टेप असेल तर आणखी चांगलं, नाहीतर औषधाच्या दुकानातली पट्टी. टेप कातडीवर हलक्या हाताने टेकवायचा, जोरात दाबायचा नाही, आणि सरळ वर उचलायचा. तुकडा फेकून द्या, नवीन घ्या, तीच जागा परत. मी दहा-बारा वेळा करते. पहिले दोन-तीन तुकडे उजेडात धरून बघा, बारीक कुसं चिकटलेली दिसतात, आणि ती दिसली की काय झालंय याची खात्रीही होते. आमच्या आजीकडे गावाला घोंगडी घासायची पद्धत होती, लोकरीत केस अडकतात म्हणून. कल्पना बरोबर आहे पण घासण्यात अर्धे केस निघतात आणि अर्धे आत जातात, टेप असताना घोंगडी नको.

टेप झाल्यावर मग पाणी. आधी पाणी नाही, क्रम महत्त्वाचा आहे. वाहत्या पाण्याखाली धरा, साबणाचा फेस हाताने हलका सोडा, घासू नका, आणि नंतर वाऱ्यावर सुकू द्या किंवा मऊ कापड नुसतं टेकवा. मग गार पाण्याची घडी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ, दहा मिनिटं ठेवा, काढा, परत ठेवा. कॅलामाइन लोशन लावलं तर बरं वाटतं. खाज जास्त असेल तर ॲलर्जीची गोळी किंवा सौम्य स्टेरॉइडचं मलम मदत करतं पण ते डॉक्टरांना विचारून, मुलांना आणि गरोदर बायकांना तर विचारल्याशिवाय नकोच.

चुना, रॉकेल, राख, टूथपेस्ट, लिंबू यातलं काही लावू नका. लोक मनापासून सांगतात, प्रेमाने आणून देतात, पण कातडी आधीच सोललेल्यासारखी झालेली असते त्यावर चुना म्हणजे भाजणंच, आणि हे सगळं लावायचं म्हणजे चोळणं आलंच.

पुरळ कधी लगेच येतं, कधी काही तासांनी. म्हणून दुपारी झाडाखाली बसलेल्या माणसाला रात्री कळत नाही हे कशाने झालं. साधारण दोन-चार दिवसांत उतरतं, काहींना आठवडा लागतो.

डॉक्टरकडे कधी

डोळ्यात गेलं असेल तर वाट बघू नका. डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याची बारीक धार पंधरा मिनिटं सोडायची, लेन्स घालत असाल तर लगेच काढायची, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. हे काटेरी केस बुबुळात रुततात आणि पुढेपुढे सरकत राहतात, घरी कापसाच्या बोळ्याने काढायला गेलं तर आणखी आत जातात. डोळ्याजवळ टेप लावू नका.

श्वास लागतोय, छातीतून शिट्टी वाजतेय, ओठ-जीभ-चेहरा सुजतोय, चक्कर येतेय, अंगभर गांधी उठल्यात, यातलं एक जरी असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. दमा असलेल्यांनी जास्त जपा कारण केस श्वासातून पण जातात. रांगतं मूल अळी तोंडात घालतं, कुत्रं चाटतं. लाळ गळायला लागली, गिळताना त्रास होतोय असं दिसलं तर मुलाला दवाखान्यात, कुत्र्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे. शक्य असेल तर अळीचा फोटो न्या, अळी नको.

कपडे आणि घर

ज्या कपड्यांवर संशय आहे ते झटकायचे नाहीत, घरात तर मुळीच नाही. बाहेरून टेप लावून घ्या, मग कपडा सोसेल इतक्या गरम पाण्यात वेगळा धुवा. ओटा, पट्टी, खिडकी ओल्या फडक्याने पुसा, कोरडा झाडू मारू नका. केस जुने झाले की बिनविषारी होतात असं धरून चालू नका. अमेरिकेतल्या मेन राज्यात याच गटातला ब्राउनटेल मॉथ आहे, मूळचा युरोपातला, तिथे त्याचे गळालेले केस एक ते तीन वर्षांपर्यंत त्रास देऊ शकतात असं सांगतात. बोस्टनच्या बाजूला किंवा त्याच्या वर राहणाऱ्या आपल्या लोकांनी म्हणून पाचोळा उडवायचं मशीन कोरड्या पानांवर लावू नये, पाऊस पडून गेल्यावर आवरावं. आपल्याकडेही हेच, बागेचं काम ओलं असताना.

झाडावरून काढायच्या कशा

दोन-चार कुंड्या असतील तर औषध फवारायची गरजच नसते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क. बादलीत साबणाचं पाणी. आधी झाडावर पाण्याचा हलका फवारा मारा म्हणजे केस उडत नाहीत, मग अळ्या बसलेलं अख्खं पान कात्रीने कापून सरळ बादलीत. अंड्यांचं पानही तसंच. लहान असताना, गठ्ठ्यात असताना काढलं तर एका पानात काम होतं, मोठ्या होऊन पांगल्या की आठवडा जातो. पट्टीखालचे कोष ओले करून जुन्या चमच्याने किंवा सुरीने खरवडा, डोक्याच्या वर हात करून नको, स्टुलावर चढा म्हणजे केस तोंडावर पडत नाहीत.

जास्त असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क. घरच्यापुरता म्हणजे ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून पाणी एक लिटर करायचं, चिमूटभर साबण घालायचा आणि संध्याकाळी पानाच्या खालून फवारायचा. दुकानात बॅसिलस थुरिंजिएन्सिसची पावडर मिळते, बीटी म्हणतात, ती अळीच्या पोटात जावी लागते आणि लहान अळ्यांवरच चांगली चालते, मोठ्या झाल्यावर पैसे फुकट.

जाळू नका. आमच्या शेजारच्या इमारतीत शेवग्याच्या खोडाला पलिता लावला होता आणि त्या दिवशी दुसऱ्या मजल्यापर्यंतची माणसं खोकत होती, धुराबरोबर केस वर जातात. आणि शेवगा तोडून टाकायलाही निघू नका, त्याला पाला परत फुटतो.

सगळ्या मारायच्याही नाहीत, हे मी कळवळून सांगते. पावशा माहितेय ना, पेरते व्हा, पेरते व्हा ओरडणारा? तो आणि पावसाबरोबर येणारा चातक हे दोघं केसाळ अळ्या खातात ज्या इतर पक्षी टाळतात. चोचीत धरून आपटतात, घासतात, आतडं पिळून काढतात आणि मग गिळतात. बारीक परजीवी गांधीलमाश्यांचंही या अळ्यांवर पोट असतं. अळीच्या अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर ती अळी तिथेच सोडा, ती तशीही मरणार आहे आणि त्या दाण्यांतून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्या शोधणार आहेत. माणसांच्या वाटेवरच्या, कपड्यांजवळच्या, मुलांच्या खेळायच्या जागेवरच्या काढा. लांबच्या एरंडावर आहेत त्या असू देत.

एक पाळून बघायची असेल तर

भीती जायला याच्यासारखा उपाय नाही. पारदर्शक डबा, झाकणाऐवजी पातळ फडकं रबराने बांधलेलं, तळाला कागद, ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं रोज ताजी. अळी पानासकट चिमट्याने डब्यात. कागद बदलताना मोजे, वाळलेली कात पण केसाळच असते. तीन-चार आठवड्यांत ती कोष करते, आणखी आठवडा-दीड आठवड्यात पतंग निघतो.

आमच्या डब्यातून निघालेला पतंग मला आधी पतंग वाटलाच नाही. राखाडी, गुबगुबीत, पंख नावापुरते, आणि कोषावरून हलेचना. टसॉक मॉथमधल्याच ऑर्गिया जातीची मादी ती, तिला उडताच येत नाही, जगते चार दिवस आणि त्यात काही खातही नाही. मी डबा तसाच गॅलरीत ठेवला आणि सकाळी फडक्याच्या बाहेर एक तपकिरी नर बसलेला होता, पिसासारख्या मिशा पसरून, रात्रीत कुठून तिचा वास काढत आला देव जाणे. मुलगा त्याच्यासमोर नाक नेऊन पंधरा मिनिटं बसला, हात मागे बांधून, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

फडकं काढायचा मोह झाला होता, पण दोरी तिथेच होती आणि मादी अंडी त्याच कोषावर घालते, शेकड्यांनी. डबा खाली मैदानापलीकडच्या एरंडापाशी नेऊन उघडला, दोन दिवसांनी मोजे घालून रिकामा डबा साबणाच्या पाण्यात बुडवला, फडकं फेकून दिलं.